दारात गेलेली पंचवीस मिनिटे : कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य, परीक्षा विभागप्रमुख आणि प्राध्यापक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी तीसेक वर्षे शिकवले आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे विद्यापीठाच्या परीक्षांना वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून काम केले. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात महाविद्यालयापेक्षा माझीच चूक अधिक होती.

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. तिसऱ्या वर्षाचा, पूर्ण दृष्टिहीन असलेला एक विद्यार्थी आणि त्याच्याच गावातली, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली त्याची लेखनिक असे दोघे अकरा ते दोनच्या पेपरासाठी साडेदहालाच येऊन ब्लॉकच्या दारात उभे होते. लेखनिकाच्या परवानगीपत्रावर सही होती, पण शिक्का नव्हता. मी त्यांना कार्यालयात पाठवले. कार्यालयात त्या वेळी प्रश्नपत्रिकांची पाकिटे आणि पुरवण्या मोजण्याची धांदल चालू होती, शिक्का ज्यांच्या ताब्यात होता ते लिपिक दुसऱ्या इमारतीत गेले होते, आणि शिक्का उमटून ते दोघे परत आले तेव्हा घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. मी त्यांना बसवले, नियमाप्रमाणे एक तास जादा दिला आणि बरोबर तीन वाजता उत्तरपत्रिका काढून घेतली. नियम काटेकोर पाळल्याचे समाधान घेऊन मी त्या दिवशी घरी गेलो.

निकालानंतर गुणपत्रक न्यायला तो आला, तेव्हा व्हरांड्यात भेटला. आवाजावरून त्याने मला ओळखले आणि हसत म्हणाला, "सर, तास मिळाला, पण पंचवीस मिनिटं दारातच गेली की." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला आजपर्यंत विसरता आलेले नाही. शिक्का नसणे ही कार्यालयाची चूक, शिक्का मागणे हा माझा निर्णय, आणि वेळ मात्र त्याचा गेला. ती पंचवीस मिनिटे शेवटी जोडून देण्याचा अधिकार मला होता. ते मला सुचलेसुद्धा नाही.

या पत्रातून मला सांगायचे आहे ते एवढेच, की दिव्यांग विद्यार्थ्याला कोणती सोय लागणार हे परीक्षेच्या दारात ठरवण्याची आपली पद्धत बंद व्हावी आणि ते प्रवेशाच्या वेळीच, त्याच्याशी बोलून, लेखी ठरावे. बाकी सारे या एका गोष्टीच्या अनुषंगाने लिहितो आहे.

आपल्या बोलण्यात या साऱ्याला "सवलत" म्हणतात. "त्याला सवलत आहे, त्याला वेगळ्या खोलीत बसवा," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आणि तितक्याच वेळा उच्चारले असेल. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ती मागणाऱ्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाची भाषा अशी नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्याने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार असल्याचे व्याख्येतच लिहून ठेवले. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार अशी सोय मिळावी हे त्याच्या १६ व्या कलमात आहे, आणि जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख १७ व्या कलमात स्पष्टपणे आहे. शिक्का नसल्यामुळे मी त्या विद्यार्थ्याला पंचवीस मिनिटे बाहेर ठेवले, त्याला या कायद्याच्या भाषेत काय म्हणायचे ते मी निवृत्त झाल्यावर वाचले. नोकरीत असताना ते कोणी मला वाचायला दिले नाही, आणि मीही शोधले नाही.

वेळेचा हिशोब थोडा तपशिलाने मांडतो, कारण सहकाऱ्यांच्या मनातला सर्वांत मोठा किंतु तिथेच असतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असे प्रमाण घालून दिले आणि त्याला जादा वेळ न म्हणता भरपाईचा वेळ म्हणायला सांगितले. "बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का?" असे मलाही पूर्वी वाटत असे. मग एका परीक्षेत मी सबंध वेळ एका दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वेगळ्या खोलीत बसून राहिलो. लेखनिकाने प्रश्नपत्रिका एकदा सावकाश वाचून दाखवली. विद्यार्थ्याने दोन प्रश्न पुन्हा वाचायला सांगितले. प्रत्येक उत्तरात तो वाक्य सांगायचा, लेखनिक लिहायची, मधेच "लवचिकता" हा शब्द कसा लिहायचा म्हणून थांबायची, तो अक्षरे सांगायचा, आणि उत्तर संपल्यावर "शेवटचा परिच्छेद वाच बघू" असे म्हणायचा, कारण आपण काय लिहिले ते डोळ्यांखालून घालण्याचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मग आला मागणी वक्र. "उभा अक्ष किमतीचा, आडवा मागणीचा. आता डावीकडं वरनं सुरू कर आणि उजवीकडं खाली उतरव." तिने रेघ काढली. बरोबर आली का हे त्याला कळण्याची सोय नव्हती आणि त्याला सांगण्याची मला परवानगी नव्हती. रेघ चुकली होती. अक्षांची नावे उलटी पडली होती. आकृतीचे गुण गेले. जिला अर्थशास्त्राचा गंध नाही तिच्या हातून काढलेल्या आकृतीवरून त्याचे ज्ञान तपासले गेले. अशा प्रश्नाला वर्णनात्मक पर्याय ठेवावा हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला कोणी आधी कळवले असते, तर त्यात परीक्षेची काठिण्यपातळी तसूभरही खाली आली नसती. त्या दिवसानंतर एक तास जास्त आहे असे मी पुन्हा कधी म्हटलेले नाही.

वेळापत्रकाचाही एक पेच आहे, जो कागदावर दिसत नाही. सकाळचा पेपर अकरा ते दोन आणि दुपारचा तीन ते सहा असेल आणि विद्यार्थ्याचा मागच्या सत्रातला एखादा विषय दुपारच्या वेळेत आला, तर त्याचा भरपाईचा तास संपतो तेव्हाच दुसरा पेपर सुरू होतो. जेवण नाही, स्वच्छतागृहात जायला उसंत नाही, आणि लेखनिकही तोच. अशा विद्यार्थ्यांची यादी सत्राच्या सुरुवातीला हाती असेल तर हे टाळता येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी कळले तर कोणाच्याच हातात काही उरत नाही.

आता लबाडीविषयी. हा विषय टाळून हे पत्र पुरे होणार नाही, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच निघतो. होय, लेखनिक स्वतःच्या डोक्याने उत्तर लिहितो आहे आणि विद्यार्थी गप्प बसला आहे, असे मी एकदा पाहिले आहे. तेवढ्या एका प्रसंगाच्या जोरावर मी पुढे कित्येक वर्षे प्रत्येक लेखनिकाकडे संशयाने पाहिले, शिक्के मोजले, ओळखपत्रे उलटसुलट केली. लेखनिकाची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली असावी हा दंडक त्यासाठीच होता, आणि वेगळी खोली, एक जागरूक पर्यवेक्षक व शक्य तिथे कॅमेरा एवढ्यावर बाकीचे काम भागते. लेखनिक आयत्या वेळी आजारी पडला तर बदलता यावा, भाषेच्या आणि इतर विषयांच्या पेपरांना वेगवेगळे लेखनिक घेता यावेत, हेही २०१८ च्या त्याच सूचनांत होते. आपण त्यातला संशयाचा भाग तेवढा पाठ केला आणि लवचिकतेचा भाग विसरलो.

संशयाचा जाच सर्वांत जास्त होतो तो ज्यांचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांना. पांढरी काठी दिसली की आपण बाजूला सरकतो. पण ज्याच्या हाताला लिहिताना पेटके येतात, ज्याला अक्षरे ओळखीची असूनही ओळ लागत नाही, ज्याच्या मनाचा आजार औषधांवर स्थिर आहे पण सकाळी दहा वाजेपर्यंत गुंगी उतरत नाही, त्याला आपण "दिसतोस तर धडधाकट" असे तोंडावर म्हणतो. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या काही विशिष्ट लाभांपुरती आहे, वाजवी सोय त्या अटीला बांधता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. तरीही "कार्डावर टक्के किती?" हा प्रश्न आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर आजही सर्वांत आधी विचारला जातो.

त्याआधी, २३ नोव्हेंबर २०२१ ला अवनी प्रकाश यांच्या प्रकरणात, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्यांना भरपाईचा तास मिळाला नाही म्हणून, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने केंद्रावरच्या माणसांना पुरेसे प्रशिक्षण द्यावे असे न्यायालयाला सांगावे लागले. केंद्रावरची माणसे म्हणजे आपणच. कॉपी कशी पकडायची याच्या सूचना दर परीक्षेआधी आपल्याला मिळतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला खुर्चीपर्यंत कसे न्यावे, म्हणजे त्याचा दंड धरून ओढू नये, आपला कोपर त्याच्या हाती द्यावा, हे मला एका विद्यार्थ्यानेच शिकवले.

परीक्षा वर्षातून दोनदा येते. अभ्यास रोजचा असतो. त्यामुळे पुढचा मुद्दा मला परीक्षेइतकाच मोठा वाटतो, आणि तो खास आपल्या भाषेचा आहे. दृष्टिहीन विद्यार्थी आज संगणकावर किंवा मोबाइलवर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतात. एनव्हीडीए नावाचा पडदावाचक फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच असतो, आणि दोन्ही मराठी वाचून दाखवू शकतात. मात्र आपण दिलेल्या नोट्स त्यांना वाचता आल्या पाहिजेत. आपल्यापैकी अनेकांच्या नोट्स अजून कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर साठवलेले असते. कृतिदेवमध्ये "मराठी" असे टंकले, तर पडदावाचकाला तिथे ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे सापडतात आणि तो तीच वाचतो. चाळीस पानांच्या नोट्स अशा ऐकून पाहा. माझ्या नोट्स वीस वर्षे अशाच होत्या. विद्यार्थी "मिळाल्या सर" म्हणायचे, आणि कोणीतरी भाऊ, मैत्रीण, खोलीतला सोबती त्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून द्यायचा. हे मला फार उशिरा कळले. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करायला एका विषयासाठी एखादी दुपार पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचे तिरपे फोटो टाकण्याची जी नवी रीत पडली आहे, ती तर याहून वाईट, कारण फोटोत पडदावाचकाला अक्षर सापडतच नाही.

पाठ्यपुस्तक स्कॅन करून वाचनीय रूपात देणे बेकायदा आहे, अशी समजूत मी ग्रंथालयांत ऐकली आहे. तसे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी अशी रूपांतरे करण्याची मुभा ठेवली आहे, आणि याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. ग्रंथालयात एक स्कॅनर आणि तो चालवण्याची इच्छा असलेला एक माणूस एवढेच लागते. स्कॅनर बहुतेक ठिकाणी आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांविषयी मी अधिकाराने लिहू शकत नाही, माझ्या वर्गात फार थोडे आले. एवढे मात्र जाणवले की, मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो की ओठांवरून शब्द टिपणाऱ्या मुलीचा तास तिथेच संपायचा. चालण्यास अडचण असलेल्यांच्या बाबतीत आपण लिफ्ट नाही म्हणून हात वर करतो; तो वर्ग तळमजल्यावर घेण्यासाठी वेळापत्रकातली एक चौकट बदलावी लागते, तिला निधी लागत नाही. उताराविषयी बोलायचे तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण आहे. आपल्याकडचे कित्येक उतार असे उभे आहेत, की पावसाळ्यात त्यावरून चाकाची खुर्ची सोडाच, चप्पल घातलेला प्राचार्यसुद्धा घसरेल.

हजेरीचेही असेच. थॅलेसेमिया आता कायद्याच्या यादीत आहे. त्याच्या गंभीर प्रकारात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्याचे एकदोन दिवस महिन्यातून जातातच. अशा विद्यार्थिनीला पंचाहत्तर टक्क्यांच्या यादीत लाल शाईने खूण करून, पालकांना घेऊन ये असे सांगणे, दरवेळी रुग्णालयाचा कागद मागणे आणि चाचणी बुडाली म्हणून अंतर्गत गुण कापणे, हे सारे आपण कोणाविषयीही आकस न ठेवता, केवळ सवयीने करतो.

कोल्हापुरात शिक्षणावरचे पत्र शाहू महाराजांचे नाव घेतल्याशिवाय संपत नाही, आणि बहुधा ते नाव शोभेला असते. मला एक क्रम तेवढा दाखवायचा आहे. नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखण्याचा महाराजांचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ साली सुरू झाले होते, आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला खोली आणि खायला भाकरी नसेल तर राखलेल्या जागेपर्यंत तो पोहोचणार नाही, हे त्यांनी आधी ओळखले. आपण उलटे चाललो आहोत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा कायद्याने राखीव आहेत, प्रवेशाच्या यादीत तो रकाना आपण इमानाने भरतो, आणि राधानगरीहून किंवा शाहूवाडीहून आलेला तो विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून वर्गात काय करणार याचा विचार कोणत्याच रकान्यात नसतो. १९८४ पासून नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या दिव्यांगांसाठीच्या संस्थेच्या रूपाने याच शहरात जे उभे केले, त्याकडे पाहिले तरी सोय म्हणजे काय याचा शोध घ्यायला आपल्याला कोल्हापूरबाहेर जावे लागत नाही.

म्हणून माझी विनंती येत्या जुलैच्या प्रवेशापासूनची आहे. ज्या दिवशी दिव्यांग विद्यार्थी प्रवेश घेईल त्याच आठवड्यात एका प्राध्यापकाने त्याच्यासमोर अर्धा तास बसावे आणि त्याला विचारावे, की वर्गात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि परीक्षेत तुला काय लागते. टक्के विचारणे शेवटी. जे ठरेल ते एका पानावर लिहावे, प्राचार्यांची सही आणि, माझ्या आग्रहाखातर, शिक्का त्याच वेळी मारावा. ते पान पदवी संपेपर्यंत चालावे. दर पेपराला नवा अर्ज, दर सत्राला नवी परवानगी नको. त्याची एक प्रत परीक्षा विभागात, एक ग्रंथालयात, आणि एक त्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे असावी. आजार वाढला, गरज बदलली, तर विद्यार्थी सांगेल तेव्हा पान बदलावे. आणि केंद्राच्या चुकीने एखाद्याचा वेळ दारात गेलाच, तर तो शेवटी जोडून द्यावा, हे वरिष्ठ पर्यवेक्षकाला दिल्या जाणाऱ्या सूचनांत छापावे.

मला लेखनिक होता येणार नाही, माझी पात्रता आड येते. पण जुन्या फॉन्टमधल्या नोट्स युनिकोडमध्ये आणून त्या कानांनी तपासून देण्याचे काम मी सध्या घरी करतो, आणि कोणत्याही महाविद्यालयाने पाठवलेल्या नोट्स विनामोबदला करून देईन. उत्तर म्हणून मला आपल्याकडून एवढेच हवे आहे : आपल्या महाविद्यालयात हे पान लिहिणारी व्यक्ती कोण आहे, आणि तिचे नाव यंदाच्या माहितीपत्रकात कोणत्या पृष्ठावर छापले जाणार आहे.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त प्राध्यापक
राजारामपुरी, कोल्हापूर